पन्नासची लेन्स: जुनी घ्यायची की नवी?

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच लेन्सभोवती फिरतात: ५० मिमी, एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकी उजेडाची वाट मोठी). किटमधल्या झूमनंतर अनेकांची पहिली खरेदी हीच असते. तिच्या जुन्या-नव्या आवृत्त्या बाजारात शेजारी शेजारी मिळतात, त्यामुळे गोंधळही तिथेच जास्त.

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. ओळखीतला एक जण ‘५० एफ १.८ टू’ नव्याच्या निम्म्या किमतीत देतोय. दुकानदार म्हणतो, एसटीएमच घ्या. फोटोत खरंच फरक पडतो का? (रत्नागिरी)

काचेपुरतं बोलायचं तर फारसा नाही. १९८७ची पहिली, १९९०ची ‘टू’ आणि २०१५ची एसटीएम (स्टेपिंग मोटरवाली), तिन्हींत पाच गटांत सहा भिंगं आहेत आणि मांडणी तीच चालत आलेली आहे. एसटीएमचं कोटिंग नवं असल्यामुळे समोरून दिवा किंवा ऊन आलं तर ती जरा बरी वागते. एफ ४ वर काढलेले फोटो मिसळून ठेवले, तर कोणता कुठल्या लेन्सचा हे ओळखणं कठीण.

फरक आहे तो यंत्रणेत. ‘टू’मध्ये छोटी मोटर आणि बारीक दातेरी चाकं आहेत. फोकस करताना घर्रऽ आवाज येतो, मंद उजेडात ती पुढे-मागे चाचपडत राहते आणि व्हिडिओत हा आवाज माइक इमानेइतबारे टिपतो. बटण ‘एएफ’वर (ऑटोफोकसवर) असताना पुढची कडी बोटांनी फिरवली की चाकांवर ताण येतो आणि दात खराब होतात. आधीच्या मालकाने हे किती वेळा केलं असेल, ते तुम्हाला कोणी सांगणार नाही. शिवाय माउंट (कॅमेऱ्याला जोडणारा भाग) प्लास्टिकचा आहे आणि ॲपर्चरला (उजेडाची वाट लहान-मोठी करणाऱ्या भागाला) पाचच पाती आहेत, म्हणून एफ २.८ वर मागचे दिवे पंचकोनी दिसतात. एसटीएमला सात गोलसर पाती, धातूचा माउंट, जवळजवळ आवाज न करणारी मोटर. वजन १३० ग्रॅमवरून १६० झालं, एवढंच.

एक फरक जाहिरातीत मागे राहतो, वापरात मात्र पहिल्या दिवशी जाणवतो. ‘टू’ ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, एसटीएम ३५ पर्यंत जाते. ताटातला मोदक, हातातली अंगठी, बाळाची मूठ असले फोटो काढायचे असतील तर हे दहा सेंटिमीटर मोलाचे आहेत.

एसटीएमची एक खोड माहीत असू द्या. तिची फोकसची कडी इलेक्ट्रॉनिक आहे, कॅमेरा बंद असताना ती नुसती फिरते, आत काही हलत नाही. जवळचा फोटो काढून तसाच कॅमेरा बंद केला तर पुढची नळी बाहेर राहू शकते आणि पिशवीत दाब पडला की ती यंत्रणा बिघडते. लेन्स काढण्याआधी एकदा दूरच्या वस्तूवर फोकस करा, नळी आत जाते.

आमचं मत: निम्म्या किमतीला ‘टू’ महाग आहे. एक तृतीयांशाला मिळाली, खाली दिलेल्या तपासणीत उतरली आणि व्हिडिओ काढायचा नसेल, तर जरूर घ्या. नाहीतर थोडं थांबून एसटीएम.

आणि जुनी घ्या की नवी, तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे त्यावर पन्नासची लेन्स ८० मिमीसारखी दिसते. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायला, कॅमेरा उभा धरूनही, साधारण साडेचार मीटर मागे जावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत ते कोपऱ्यातून कोपऱ्यातच जमेल.

प्रश्न : वापरलेली लेन्स घेताना नेमकं काय बघायचं? विकणारा समोर उभा असतो, वेळ कमी असतो. (मडगाव)

दहा मिनिटं पुरतात. मोबाइलचा टॉर्च, स्वतःचा कॅमेरा आणि एक वर्तमानपत्र बरोबर न्या.

आधी टॉर्च. दोन्ही टोपणं काढा, मागच्या बाजूने तिरपा उजेड टाका आणि पुढून बघा. धुळीचे चार-सहा कण दिसतीलच, त्यांनी फोटोत काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले तर ती बुरशी, तिथेच नमस्कार करून परत फिरा. सगळी काच दुधाळ दिसली तर आतल्या भिंगावर थर बसलाय. तो साध्या उजेडात दिसत नाही, पण फोटो फिके येतात. पुढच्या भिंगावरचा एखादा बारीक ओरखडा चालेल. मागच्या भिंगावरचा नको, तो सेन्सरच्या जवळ असल्यामुळे चित्रात जास्त त्रास देतो.

मग ॲपर्चर. निकॉनच्या जुन्या ‘डी’ लेन्सला (नावाच्या शेवटी ‘डी’ असलेल्या) मागे छोटी दांडी असते. ॲपर्चरची कडी २२ वर ठेवा, दांडी बोटाने सरकवून झटकन सोडा. पाती टचकन बंद झाली पाहिजेत. आळसावून बंद होत असतील किंवा त्यांच्यावर तेलकट चकाकी असेल, तर आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरलंय. कॅननला दांडी नसते. तिथे एकसारख्या उजेडातल्या भिंतीचे चार फोटो काढा, कॅमेरा ‘एव्ही’वर (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो) ठेवून: एफ १.८, २.८, ५.६ आणि ११. चारही सारखेच उजळ यायला हवेत. १.८ वर फोटो निघतो आणि पुढच्या आकड्यांवर ‘एरर ०१’ येतो, असं झालं तर आधी सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसा. तरीही येत असेल तर दोष बहुधा ॲपर्चरच्या भागात किंवा त्याच्या पट्टीवायरमध्ये असतो, आणि एवढ्या स्वस्त लेन्सला ती दुरुस्ती परवडत नाही.

शेवटी वर्तमानपत्र. ते भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा त्याला अगदी समोरासमोर धरा, पानाने चौकट भरेल इतक्या अंतरावरून एफ २.८ वर फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून वाचा. चारही सारखेच मऊ असतील तर हरकत नाही. डावीकडची अक्षरं स्वच्छ आणि उजवीकडची पुसट असतील, तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. कॅननच्या ‘टू’ची पुढची नळी थोडी हलते, ते मूळचंच. पण ती एका बाजूला कललेली दिसली तर घेऊ नका, पडल्यावर हा भाग सुटून हातात येतो.

गोव्यात, कोकणात लेन्स घेण्याइतकंच ती सांभाळणं महत्त्वाचं. चामड्याच्या डब्यात किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. जेलचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. तांदळात ठेवण्याचा सल्ला मात्र ऐकू नका, त्याची पूड आत जाते.

प्रश्न : निकॉन डी५३०० साठी ‘एएफ ५० एफ १.८ डी’ घेतली. ऑटोफोकस होतच नाही आणि कधीकधी ‘एफईई’ अशी अक्षरं येतात. लेन्स खराब निघाली का? (नागपूर)

लेन्स ठणठणीत आहे, जोडी चुकली. ‘डी’ लेन्समध्ये मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर माउंटमधल्या स्क्रू-ड्रायव्हरसारख्या दांड्याने तिला फिरवते. तुमच्या बॉडीत, तसंच डी३००० पासून डी३५०० पर्यंतच्या आणि डी५००० पासून डी५६०० पर्यंतच्या मालिकांत, तो दांडा नाही. डी९०, डी७०००, डी७१००, डी७२००, डी७५००, डी६१०, डी७५० यांत आहे. विकत घेण्याआधी माउंटच्या कड्यावर खाली डावीकडे तो छोटा दांडा दिसतो का, एवढं बघितलं असतं तरी पुरलं असतं.

‘एफईई’चा अर्थ ॲपर्चरची कडी सुटी आहे. ती नारिंगी २२ वर आणा आणि शेजारची छोटी खिटी सरकवून बंद करा, मग ॲपर्चर कॅमेऱ्याच्या चाकाने बदलेल.

लेन्स परत होत नसेल तर हाताने फोकस करा. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडचा हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस बसला. मेनूत ‘रेंजफाइंडर’ चालू केलं तर कडी कुठल्या बाजूला फिरवायची तेही पट्टीवर दिसतं. बसलेल्या माणसाचे फोटो असे सहज निघतील. धावत्या मुलांचे नाहीत, त्यासाठी २०११ची ‘एएफ-एस ५० एफ १.८ जी’ लागेल, तिच्यात स्वतःची मोटर आहे.

प्रश्न : डी७२०० आहे आणि घरात वडिलांचा एफएम२ फिल्म कॅमेराही चालू स्थितीत आहे. ‘डी’ की ‘जी’? (पुणे)

एफएम२ वापरणार असाल तर प्रश्न मिटला, ‘डी’. ‘जी’ला ॲपर्चरची कडीच नाही. एफएम२ वर ती दरवेळी एफ १६ पर्यंत बंद होऊन फोटो काढेल आणि तुमच्या हातात काही राहणार नाही. ‘डी’ दोन्हीकडे चालते. फक्त तिची फोकसची कडी अरुंद आणि सैल आहे, जुन्या धातूच्या लेन्सची सवय असलेल्या हाताला ती पोकळ वाटेल.

फक्त डी७२०० साठी विचारलंत तर ‘जी’. सात भिंगं सहा गटांत, त्यांतलं एक ॲस्फेरिकल (पूर्ण गोलाकार नसलेलं), त्यामुळे एफ १.८ वर चेहरा जास्त स्वच्छ येतो आणि गोलसर पात्यांमुळे मागचा भाग मऊ उतरतो. वेगासाठी ‘जी’ घेऊ नका. डी७२०० ची मोटर ‘डी’ला झपकन फिरवते, आवाज करते इतकंच. त्या वेळी ‘डी’ची कडीही फिरते, बोटं दूर ठेवा.

‘डी’च्या बाजूने एक छोटी गंमत. तिची सात पाती सरळ कडांची आहेत. एफ ११ वर रस्त्यावरच्या दिव्यांना चौदा टोकांचे रेखीव तारे फुटतात. पात्यांची संख्या विषम असली की टोकं दुप्पट होतात, म्हणून चौदा.

पुढेमागे निकॉनचा झेड मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, जुन्या लेन्स त्याला जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर ‘जी’ ऑटोफोकस करते, ‘डी’ करत नाही.

प्रश्न : जुन्या लेन्सचे फिल्टर नवीला बसतील का? (सोलापूर)

नाही. कॅननची ‘टू’ ५२ मिमी, एसटीएम ४९, आरएफ (कॅननच्या मिररलेससाठीची पन्नास) ४३. निकॉनची ‘डी’ ५२, ‘जी’ ५८. मोठा फिल्टर लहान लेन्सला स्टेप-अप रिंगने लागतो, उलटं करू नका, कोपरे काळे पडतात. हुडही वेगळे: ‘टू’ला ईएस-६२, एसटीएमला ईएस-६८, ‘जी’ला एचबी-४७.

प्रश्न : कॅनन ७०डी आणि जुनी पन्नास. एफ १.८ वर डोळे कधीच शार्प येत नाहीत. मित्र म्हणतो, नवी घे. (कोल्हापूर)

मित्राचं ऐकण्याआधी हिशेब बघा. दीड मीटरवर एफ १.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा असतो, निम्मा पुढे, निम्मा मागे. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करून, मग चौकट बसवायला कॅमेरा दहा अंश फिरवला, तर फोकस डोळ्याच्या सव्वादोन सेंटिमीटर मागे जातो. त्यात समोरचा माणूस किंचित हलला की कान शार्प, डोळे मऊ. म्हणून मधला बिंदू सोडून डोळ्यावर पडणारा बिंदू निवडा, शटर १/१६० च्या खाली नेऊ नका आणि एफ २.८ वर काढून बघा.

तरी शंका राहिली तर चाचणी करा. ट्रायपॉड, अडीच मीटर अंतर, एक उभी सपाट वस्तू आणि तिच्या शेजारी ४५ अंशांत तिरकी ठेवलेली मोजपट्टी. दोन सेकंदांचा टायमर लावा, दरवेळी फोकस आधी अनंतावर नेऊन मग त्या वस्तूवर बसवा, असे पाच फोटो. नंतर तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून). पाचही फोटोंत फोकस सारखाच मागे पडत असेल आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये बरोबर येत असेल, तर लेन्स निर्दोष आहे. ७०डीच्या मेनूत एएफ मायक्रोॲडजस्टमेंट (फोकस किंचित पुढे-मागे सरकवण्याची सोय) आहे, तिथे आकडा उणे करत जा. पाच फोटोंत फोकस कधी पुढे, कधी मागे असा विखुरला असेल, तर चाकं झिजली आहेत, आकडा बदलून काही होणार नाही. तेव्हा मात्र नवी घ्या.

प्रश्न : कॅननचा आर मालिकेचा मिररलेस कॅमेरा घेतोय. ईएफ एसटीएम विकून आरएफ ५० घ्यावी का? (दुबई)

तुमच्याकडे आणखी ईएफ (कॅननच्या आरसेवाल्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स असतील तर आधी अडॅप्टर घ्या, ११० ग्रॅमचा आहे आणि ऑटोफोकस पूर्ण चालतो. पन्नास ही एकच लेन्स असेल तर विकून २०२०ची आरएफ घ्या: तीही १६० ग्रॅमच, फोकस ३० सेंटिमीटरपर्यंत, आणि अडॅप्टरची २४ मिमी लांबी वाचते.

प्रश्न : १९८७ची पहिली आवृत्ती, धातूचा माउंट आणि अंतराची खिडकी असलेली. विक्रेता नव्या एसटीएमइतकी किंमत मागतो. (ठाणे)

देऊ नका. बांधणी ‘टू’पेक्षा सरस आहे, अंतराची पट्टीही उपयोगी आहे. पण पाती पाचच, किमान अंतर तेच ४५ सेंटिमीटर आणि मोटर त्या काळातली. हौस म्हणून ‘टू’पेक्षा थोडे जास्त द्यायला हरकत नाही, तेही टॉर्चची तपासणी करूनच.