साखरेऐवजी मेपल सिरप घातलं की ओट्सच्या कुकीज केकसारख्या मऊ का होतात? कुरकुरीत कशा करायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीने टोरांटोहून मेपल सिरपची बाटली आणली. तुम्ही साखरेच्या रेसिपीत एक वाटी साखरेच्या जागी एक वाटी सिरप घातलं, घरात अंडं चालत नाही म्हणून थोडं दूधही घातलं. कुकीज फुगल्या, मऊ राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी चिवट झाल्या. शिवाय सासऱ्यांना मधुमेह आहे, साखर नाही म्हणजे त्यांना या चालतील का? मी इंदूरला घरूनच बेकिंगच्या ऑर्डरी घेते, तेव्हा आधी कुकीजचं सांगते, मग सासऱ्यांचं.

सगळा घोळ पाण्याचा आहे. मेपल सिरप म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला पाक. झाडातून येतो तेव्हा त्या रसात साखर जेमतेम २ टक्के असते, म्हणून साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप हाती लागतं. (बाटली महाग का, याचं उत्तर इथेच आहे.) एवढं आटवूनसुद्धा त्यात तिसरा हिस्सा पाणी राहतंच. तुमची वाटी १५० मिलीची धरली तर त्यात सिरप भरतं जवळजवळ २०० ग्रॅम, आणि त्यातलं ६५ ग्रॅम निव्वळ पाणी. म्हणजे साखरेच्या रेसिपीत तुम्ही नकळत जवळजवळ अर्धी वाटी पाणी ओतलंत आणि वरून दूध. पिठाने ते पाणी पिऊन घेतलं, मळल्यावर चिकटपणा सुटला, भट्टीत वाफ धरली आणि कुकी फुगली. केकचं पीठ झाल्यावर केकच होणार.

आपल्या फराळातच याचे दोन नमुने आहेत. नानकटाईला तूप आणि पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसतात, त्यात पाण्याचा थेंब नसतो. शंकरपाळ्याला साखर दूध-तुपात विरघळवून घेतात आणि मग त्यात मावेल तेवढा मैदा घालतात. साखरेची कुकी नानकटाईच्या घराण्यातली. तिथे साखरेचे कण लोण्यात हवा कोंडतात, भट्टीत ते वितळले की कुकी पसरते आणि गार झाल्यावर तीच साखर कडक होऊन कुरकुरीतपणा देते. सिरपची कुकी मात्र शंकरपाळ्याच्या घराण्यातली. सिरप नि लोणी कितीही फेसा, हवा धरत नाही, हात तेवढा दुखतो. तेव्हा नानकटाईची रीत सोडून द्या आणि मोहनाची रीत धरा.

माझं प्रमाण असं: रोल्ड ओट्स (पोह्यांसारखे चपटे केलेले) १५० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, साजूक तूप ८० ग्रॅम, मेपल सिरप १२० मिली, अक्रोडाचे तुकडे मूठभर, मनुका आवडत असतील तर थोड्या, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा आणि मीठ पाव चमचा. लोणी वापरायचं तर १०० ग्रॅम घ्या, कारण बाजारच्या लोण्यात फॅट ८० टक्क्यांच्या आसपास आणि बाकी बहुतेक पाणीच. त्या पिवळ्या बटरमध्ये मीठ असतं, तेव्हा वेगळं घालू नका. मी तूपच घेते. एक तर पाणी नाही, आणि कणीक-तूप-भाजणं म्हटल्यावर जो वास यायला हवा तो तुपानेच येतो.

ओट्स साधेच घ्या. इंदूरच्या सियागंज बाजारात सुटे मिळतात, ताजे आहेत का ते वास घेऊन बघा. जुन्या ओट्सना खवट वास येतो आणि तो भाजूनही जात नाही. मसाला ओट्सचं पाकीट चुकूनही फोडू नका (हसू नका, मला हे विचारणारे भेटले आहेत). स्टील-कट (चपटे न करता नुसते कापलेले दाणे) तर दाताखाली खड्यासारखे लागतात. कणीक आपल्याकडच्या शरबती गव्हाची असली तरी उत्तम. मैद्यापेक्षा कणीक पाणी जास्त ओढते, आणि इथे आपल्याला नेमकं तेच हवंय.

आता कृती. ओट्स आधी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर कोरडेच भाजा. रवा भाजतो तसा सतत हात फिरत राहिला पाहिजे. रंग बदलायची वाट बघू नका, खमंग वास सुटला आणि ओट्स कढईत हलके वाजायला लागले की उतरवा. ताटात पसरून पूर्ण गार करा. यातला तिसरा हिस्सा मिक्सरमधून भरड फिरवा. अंडं नाही, तेव्हा कुकी धरून ठेवायचं काम ही भरडच करते. अळशी भिजवून घालायची वगैरे गरज या प्रमाणात पडत नाही. खरं म्हणजे अंडं नाही हे तुमच्या पथ्यावरच पडलंय, कारण अंड्यातही बरंचसं पाणीच असतं.

कणीक, भरड, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून-मिसळून त्यात पातळ केलेलं पण कढत नसलेलं तूप घाला आणि दोन्ही तळहातांवर नीट चोळा. करंजीच्या पिठाला मोहन चोळतो तेच. मूठ वळली की मुटका राहिला पाहिजे आणि बोटाने टोकरला की भुगा व्हायला पाहिजे. सगळी गंमत याच पायरीत आहे. पिठाच्या कणाला आधी तुपाचा लेप बसला की मागून येणारं सिरपमधलं पाणी आत शिरायला वाट कमी मिळते, पीठ चिवट होत नाही आणि कुकी खुसखुशीत राहते. सिरप आधी आणि तूप मागून घातलंत तर तेच सामान, तेच प्रमाण असूनही कुकी वातड होईल.

मग भाजलेले अख्खे ओट्स आणि अक्रोड, आणि सगळ्यात शेवटी सिरप. ते चमच्याने किंवा बोटांनी फक्त कालवा, मळू नका. सुरुवातीला मिश्रण चिकट आणि सैल वाटेल. वाटू दे, वरून पीठ घालायचा मोह आवरा. झाकून अर्धा तास ठेवलं की ओट्स पाणी शोषतात आणि गोळा वळण्याजोगं होतं. मे महिन्यात आपल्याकडे तूप पातळच राहतं, तेव्हा तो अर्धा तास फ्रिजमध्ये. थंडीत उलट होतं, मिश्रण दगडासारखं घट्ट होतं आणि वळताना भेगा पडतात. मग दुधाचा एखादा चमचा चालेल, जास्त नाही.

खायचा सोडा मी यात घालत नाही. सोड्याला आंबट काहीतरी लागतं. मेपल सिरप जवळजवळ आंबट नसतंच, त्यामुळे सोडा तसाच पडून राहतो आणि कुकीला साबणासारखी चव येते.

लहान लिंबाएवढे गोळे करा, साधारण २५ ग्रॅमचे. एवढ्या सामानात २०च्या आसपास होतात. बटर पेपर लावलेल्या ट्रेवर ठेवून वाटीच्या तळाला तूप लावून चपटे करा, जाडी अर्ध्या सेंटीमीटरहून जराशी जास्त. ज्या आकाराची कुकी हवी त्याच आकाराची थापा, कारण साखरेच्या कुकीसारखी ही भट्टीत फारशी पसरत नाही. लाडवासारखा गोळा ठेवून दिलात तर लाडूच बाहेर येईल, आणि जाड कुकी मध्ये कधीच कुरकुरीत होत नाही.

ओटीजी (घरातली छोटी विजेची भट्टी) दोन्ही रॉड लावून १७० अंशांवर दहा मिनिटं तापवून घ्या. ट्रे मधल्या खणात, वेळ १४ ते १६ मिनिटं. बहुतेक ओटीजी मागच्या बाजूला जास्त तापतात, म्हणून दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवायचा. वरचा रंग बघून ठरवू नका, मेपलच्या मूळ रंगाने फसायला होतं. उलथन्याने एक कुकी उचलून तळ बघा. कडेला बदामी आणि मध्ये थोडा फिका असेल तर झाली. बोटाने दाबल्यावर कड ताठ राहते, मधला भाग जरा दबतो. तशीच काढा आणि ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या. तेव्हाच उचललीत तर हातात मोडेल. मग जाळीवर.

आता खरा करकरीतपणा हवा असेल तर दोनदा भाजा. कुकीज पूर्ण गार झाल्यावर ओटीजी १२० अंशांवर ठेवून १० ते १५ मिनिटं परत आत. टोस्ट असेच होतात. उरलेलं पाणी निघून जातं आणि रंग फारसा वाढत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी ऑर्डरीच्या सगळ्या कुकीज अशाच करते, नाही तर इंदूरच्या पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी त्या मऊ पडतात. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही.

आणखी एक युक्ती आहे, पण ती लक्ष देऊन करायची. १२० मिली सिरप छोट्या पातेल्यात मंद आचेवर आटवून १०० मिलीवर आणायचं आणि कोमट असताना घालायचं. पाणी आधीच कमी होतं, चव गडद होते. मात्र सिरप उकळताना दुधासारखं वर येतं. तुपाचा एक थेंब टाकला की फेस बसतो. तिकडे सिरप बनवणारेही फेस बसवायला असाच फॅटचा थेंब टाकतात. याहून जास्त आटवू नका, नाही तर पाक साखरेवर जातो.

चवीचं एक सांगायलाच हवं. एवढी लांबून आलेली बाटली, आणि वर चमचाभर वेलची-जायफळ घातलंत तर मेपल कुठे गेलं ते कळणारही नाही. त्याची चव हलकी असते, थोडी जळक्या साखरेकडे आणि थोडी लाकडाकडे झुकणारी. अक्रोड तिला उठाव देतो, मीठही देतं. दालचिनी चिमूटभर चालेल, वेलची मी घालत नाही. बाटलीवर रंगाची प्रत लिहिलेली असते: गोल्डन, अँबर, डार्क, व्हेरी डार्क. हंगामाच्या सुरुवातीचं सिरप फिकं, शेवटचं गडद. फिकं असेल तर डोशा-घावनावर घेऊन संपवा, भाजायला गडद बरं. आणि घटकांत फक्त मेपल सिरप लिहिलंय ना, तेही बघा. कॅनडातून, विशेषतः क्यूबेकमधून, जगातलं बहुतेक मेपल सिरप येतं, तेव्हा टोरांटोची बाटली बहुधा अस्सलच असेल. पण आपल्याकडे पॅनकेक सिरप म्हणून जे मिळतं त्यात अनेकदा कॉर्न सिरप आणि वरून घातलेला मेपलचा वास असतो. त्याने कुकी नुसती गोड होते.

आता सासरे. मेपल सिरपमधली साखर म्हणजे मुख्यतः सुक्रोज, आपल्या साखरेच्या डब्यात असतं तेच. रक्तातली साखर ते पांढऱ्या साखरेपेक्षा जरा हळू वाढवतं म्हणतात, पण वाढवतंच. वरच्या प्रमाणात एका कुकीत साधारण साडेपाच ग्रॅम साखर पडते, म्हणजे चहाचा सपाट सव्वा चमचा. त्यात कणीक आणि ओट्सचा स्टार्च वेगळाच. ओट्समधलं बीटा-ग्लुकन (पाण्यात विरघळणारा तंतू) कोलेस्टेरॉलला चांगलं असतं हे खरं, पण त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम पोटात जावं लागतं आणि दोन कुकींतून जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या वर जातं. तेव्हा ‘साखर नाही हो यात’ असं म्हणून त्यांच्यापुढे डबा ठेवू नका. माणूस विश्वासाने चार खातो. ही मिठाईच आहे असं स्पष्ट सांगून द्या, मनुका वगळा, आणि एक की अर्धी ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. त्यांच्यासाठी वेगळं काही करायचंच असेल तर हेच भाजलेले ओट्स, तीळ, ओवा, तूप आणि मीठ घालून खारी कुकी करा. इंदूरचा माणूस गोडाच्या आधी शेवेकडे हात नेतो, त्यांना तीच जास्त आवडेल.

बाटली उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवा. मधात पाणी १७-१८ टक्के असतं म्हणून तो कपाटात टिकतो, सिरपला बाहेर बुरशी येते. बाटली संपली की नवीन मागवायच्या फंदात पडू नका. मध्य प्रदेशातल्या करेली गावचा चांगला गूळ १०० ग्रॅम, पाणी ५० मिली, विरघळेपर्यंत गरम करून गाळून घ्या; साखर-पाण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच येतं आणि वरची कृती जशीच्या तशी लागू पडते. मेपलची चव येणार नाही, पण गुळाला वेलची घालता येते. मध घालून करणार असाल तर ओटीजी १५५-१६० वर ठेवा, मध फार लवकर करपतो.