बॉस्टनजवळ लहान मुलांना घेऊन जुन्या शेतांमधून चालायला कुठे जावं?

तुमची मुलं चार आणि सात वर्षांची, पुढच्या महिन्यात सासूबाई येणार, त्यांचे गुडघे कुरकुरतात, आणि तुमची अट अशी की "डोंगर नको, पण नुसती बागही नको". मग तुम्हाला शेतंच हवीत. मॅसॅच्युसेट्समध्ये राखून ठेवलेली जुनी शेतं बरीच आहेत. तिथल्या कित्येक वाटा मुळात घोडागाडीसाठी केलेल्या, त्यामुळे रुंद आणि बेताच्या चढाच्या. आमची धाकटी बाबागाडीत होती तेव्हापासून आम्ही या वाटांवर फिरतोय.

पहिल्यांदा जायचं तर हिंगहॅमचं वर्ल्ड्स एंड. सुमारे २५० एकर जमीन समुद्रात घुसलेली आणि तिच्यावर हिमनदीने घडवलेल्या गोलसर टेकड्या. १८९० च्या सुमारास या शेताचे मालक जॉन ब्रूअर यांनी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडकडून इथे मोठी वसाहत आखून घेतली. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्यांपैकी हाच तो ओल्मस्टेड. रस्ते झाले, दुतर्फा झाडं लागली, पण घरं काही उठलीच नाहीत. गुरं चरत राहिली. पुढे १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासाठी ही जागा विचारात होती आणि १९६५ मध्ये चक्क अणुवीज प्रकल्पासाठी! शेवटी १९६७ मध्ये लोकांनी पैसे उभे केले आणि जमीन ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स या संस्थेकडे आली. आमच्या मोठ्याला हे सांगितल्यावर तो प्रत्येक वळणावर थांबून "इथे कुणाचं घर होणार होतं?" विचारत राहिला. त्या नादात दोन मैल कधी झाले ते त्याला कळलंच नाही.

सासूबाईंना शेवटपर्यंत नेऊ नका. मधे एक चिंचोळी पट्टी आहे, दोन्ही बाजूंना पाणी. तिथपर्यंत जाऊन परत फिरलात तरी पुष्कळ. माथ्यावर सावली कमी आणि वारा फार, टोप्या घ्या. शनिवार-रविवारी गाडीची वेळ आधी नोंदवून ठेवा, नाहीतर फाटकावरूनच परत यावं लागेल.

दुसरं, इप्सविचचं ॲपलटन फार्म्स. १६३८ मध्ये सॅम्युएल ॲपलटन यांना मिळालेली ही जमीन त्याच घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कसली आणि १९९८ मध्ये ती ट्रस्टीजकडे आली. इथे चालायचे दोन भाग आहेत. लोक शेताकडे वळतात, पण मला रस्त्यापलीकडचा 'ग्रास राइड्स' जास्त आवडतो. घोडेस्वारीसाठी आखलेल्या गवताळ वाटा जंगलातून येऊन एका गोल मोकळ्या जागेत मिळतात आणि मधोमध ग्रॅनाइटचा टोकदार सुळका उभा. हा हार्वर्डच्या पाडलेल्या जुन्या ग्रंथालयाचा कळस! मुलांना कुठली वाट घ्यायची ते ठरवू द्या. बाबागाडी मात्र या गवतात ढकलवत नाही, धाकट्याला खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा.

शेताच्या बाजूला मोठं कुरण आहे. मे-जूनमध्ये गेलात तर जुन्या रेडिओचा काटा फिरवल्यासारखा आवाज येतो, तो बोबोलिंक. थेट दक्षिण अमेरिकेतून इथे येऊन गवतात जमिनीवर घरटं करतो. ऐन जूनमध्ये गवत कापलं की पिल्लं गेलीच, म्हणून अशा कुरणांत कापणी मुद्दाम उशिरा करतात. गवत कमरेएवढं वाढलेलं दिसलं तर कुणी हयगय केली असं समजू नका, आणि मुलांना आत घुसू देऊ नका.

बाबागाडीसाठी सगळ्यात सोपी जागा कॉन्कॉर्ड ते लेक्झिंग्टनची बॅटल रोड ट्रेल. पाच मैलांची आहे, पण पूर्ण करायची काही गरज नाही. हार्टवेल टॅव्हर्नपाशी गाडी लावा आणि दोन्हीकडे थोडं थोडं चाला. १९ एप्रिल १७७५ ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच दिवशी, बॉस्टनकडे परतणाऱ्या इंग्रज शिपायांवर स्थानिकांनी याच पट्ट्यात झाडांआडून आणि भिंतींआडून गोळ्या झाडल्या. शेतं आजही काही ठिकाणी कसली जातात. तिकीट नाही.

आता त्या भिंतींबद्दल, कारण मुलांना गुंतवायला याहून चांगली गोष्ट मला सापडलेली नाही. चुना-सिमेंटशिवाय रचलेला गडगाच तो. हिमनदीने जमिनीत दगड पेरून ठेवलेले, दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगली की त्यातले काही वर येतात. शेतकरी दर वसंतात ते वेचून बांधावर टाकायचे. १९ व्या शतकाच्या मध्याला इथली निम्म्याहून जास्त जंगलं तोडून शेतं आणि कुरणं झालेली होती. मग पश्चिमेचं स्वस्त धान्य आलं, लोक शहरांत गेले आणि रानाने शेतं परत घेतली. म्हणून गर्द झाडीत, जिथे कुंपण घालायचं काही कारणच दिसत नाही, तिथेही गडगा धावताना दिसतो.

आमचा खेळ असा : गडग्यात मुठीएवढे बारके दगड भरपूर असतील तर शेजारी नांगरट होती, कारण नांगराला आड येणारा बारका दगडही कुणीतरी उचलला. नुसते मोठे धोंडे असतील तर बहुधा चराऊ कुरण. आणि बारक्या सरळसोट झाडांमध्ये एखादाच जुना, जाड, खालपासून फांद्या पसरलेला ओक दिसला तर समजायचं की हा उघड्या कुरणात एकटा वाढला, गुरांच्या सावलीसाठी राखलेला. आमची धाकटी त्याला "आजोबा झाड" म्हणते आणि ते सापडेपर्यंत कडेवर घे म्हणत नाही.

पण गडग्यावर बसू देऊ नका. मी ही चूक केलेली आहे. दगडांच्या फटींत उंदीर राहतात आणि गोचीड चावल्याने माणसाला होणाऱ्या लाइम रोगाचे जंतू गोचिडीला बहुतेक त्यांच्याकडूनच मिळतात. आमचा मोठा मुलगा अर्धा तास गडग्यावर बसून सफरचंद खात होता, रात्री आंघोळीला त्याच्या गुडघ्यामागे काळा ठिपका दिसला. मला वाटलं माती. चोळला, निघेना. मग चष्मा लावून पाहिलं तर पाय हलत होते. मे ते जुलैमधली पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-काडी असले प्रयोग नकोत. लवकर निघाली तर धोका खूप कमी असतो. तरी पुढचे काही आठवडे ताप किंवा पसरणारा लाल चट्टा येतो का ते बघायचं, आणि आलाच तर डॉक्टरांकडे. तेव्हापासून आमच्याकडे पँट मोज्यात खोचलेली असते आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत तपासणी झाल्याशिवाय कुणी सोफ्यावर बसत नाही. सासूबाई साडीत चालणार असतील तर खाली लेगिंग आणि मोजे घालायला सांगा.

गडग्यावर चढलेली तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावायचा नाही, ती पॉइझन आयव्ही, अंगाला लागली की खाज आणि पुरळ. एवढं पहिल्याच दिवशी चार वर्षांच्या मुलालाही पाठ करून घ्या.

पुढच्या महिन्यात एकच रविवार मोकळा असेल तर हार्टवेल टॅव्हर्न. दोन असतील तर दुसऱ्याला हिंगहॅम, आणि तेही सकाळी नऊच्या आत.