स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा तापमानकाटा मध्येच उसळतो आणि लगेच खाली येतो. दोष कुठे शोधावा?

आपण लिहिता की चाळीसगावहून कन्नड घाट चढताना, मध्यभागी इंजिन असलेल्या आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारचा काटा क्षणात लाल पट्टीकडे जातो आणि तितक्याच चटकन खाली येतो. थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, म्हणजे कूलंटचा, प्रवाह तापमानानुसार उघडणारी-बंद करणारी झडप) बदलल्यावर तर हा त्रास वाढलाच. मी धुळ्यात गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि आपल्याला कळकळीने सांगतो की आणखी एकही पार्ट बदलण्याआधी काटा किती वेगाने हलतो, ते पाहा.

इंजिनाचा धातू आणि त्यात फिरणारे कूलंट इतकी उष्णता धरून ठेवतात, की त्यांचे तापमान एका सेकंदात वीस-तीस अंशांनी बदलणे शक्य नसते. त्यामुळे असा उसळणारा काटा बहुधा सेन्सर, त्याचा कनेक्टर, वायर किंवा अर्थिंगचा दोष दाखवतो. हेडलाइट लावताच काटा सरकला, तर आधी अर्थिंग तपासावे. डॅशबोर्डवरचा काटा मात्र अनेक गाड्यांत मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, म्हणून स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे यंत्र) लावून प्रत्यक्ष आकडा पाहावा. तो 90 वरून एकदम उणे 40 वर गेला, तर सेन्सरचे सर्किट कुठेतरी तुटते आहे असे समजावे.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, इंजिन सुरू न करता, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर पाहिले, तर दोन्ही आकडे जवळपास सारखे असायला हवेत. सेन्सर काढून मल्टिमीटरने मोजल्यास त्याचा रोध तापमानाबरोबर घटत जातो: बऱ्याच सेन्सरांत 20 अंशांना सुमारे 2500 ओहम, तर 80 अंशांना 300 ओहमच्या आसपास. आपल्या मॉडेलचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

तरीही आपल्या गाडीत मला अधिक संशय आहे तो अडकलेल्या हवेचा. इंजिन मध्यभागी आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे कूलंटचे पाइप लांबलचक असतात, आणि थर्मोस्टॅट बदलताना कूलंट काढून पुन्हा भरताना त्यांत हवा सहज राहते. मग सेन्सर कधी वाफेत, कधी द्रवात सापडतो आणि त्याचा आकडा उड्या मारतो. काटा वर असताना हीटर पूर्ण गरमवर लावून पाहा. हीटरमधून थंड वारा आला, तर कूलंट कमी आहे किंवा पाइपांत हवा अडकली आहे. तेव्हा गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि नंतर व्हॅक्यूम पद्धतीने, म्हणजे आधी पाइपांतली हवा ओढून काढून, कूलंट भरून घ्यावे. ते भरल्यावरही हवा पुन्हा पुन्हा जमत असेल, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधले सील) ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो का, याची रासायनिक चाचणी करावी.

काटा सावकाश चढत असेल, तर गोष्ट वेगळी: गर्दीत चढून वेगात उतरला तर पंखा, वेगातही चढत राहिला तर रेडिएटर किंवा वॉटर पंप. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा 44-45 अंशांवर असताना, पुढच्या रेडिएटरच्या जाळीत साचलेली धूळ आणि पालापाचोळाही पुरेसा ठरतो.

इंजिन गरम असताना कूलंटचे झाकण मात्र कधीही उघडू नका. दाबाखाली 100 अंशांच्या वर असलेले कूलंट दाब सुटताच उकळून अंगावर उडते.