मडगावला उतरलोय, एक दिवस हातात आहे, आई-बाबा सोबत आहेत. जवळपास एखादं प्राचीन बौद्ध ठिकाण आहे का?

आहे, रिवणच्या बौद्ध गुंफेला जा. मडगावहून गाडीने तासाभराच्या आत पोचाल. पण तुम्ही लिहिलंय की बाबांचं अजिंठा बघायचं राहून गेलंय म्हणून त्यांना असं काहीतरी दाखवायचंय, तर आधीच सांगून ठेवते, अजिंठा डोक्यात ठेवून रिवणला जाऊ नका. तिथे चित्रं नाहीत, स्तूप नाही, कोरलेले खांब नाहीत. जांभ्या दगडात खोदलेल्या बुटक्या खोल्या आहेत, काळोख आहे आणि शेजारी पाणी आहे. हे माहीत असलं तर बाबांना ती जागा आवडेल असं मला मनापासून वाटतं, कारण माझ्या बाबांना फार आवडली होती.

मी कुडचड्याची, म्हणजे रिवण आम्हाला शेजारचंच. चौथीत असताना शाळेची सहल गेली होती, तेव्हा बाईंनी सांगितलं ही पांडवांची गुंफा, वनवासात असताना त्यांनी एका रात्रीत खोदली, आणि मी घरी येऊन आजीला विचारत बसले की एवढ्याशा दारातून भीम आत गेला कसा. आजीकडे उत्तर नव्हतं. ते मला कॉलेजात गेल्यावर मिळालं, की ही भिक्खूंची जागा, साधारण सहाव्या-सातव्या शतकातली धरतात, आणि रिवणलाच बुद्धाची एक शीर नसलेली मूर्तीसुद्धा सापडलेली आहे. गावात मात्र आजही पांडवांचीच म्हणतात, तेव्हा रस्ता विचारताना ‘पांडवांची गुंफा खंय आसा?’ असंच विचारा, बौद्ध लेणी म्हटलंत तर समोरचा कदाचित गोंधळेल.

रस्ता सोपा आहे. मडगाव, पारोडा, केपे, तिळामळ, मग जांबावली आणि पुढे रिवण. नाश्ता केप्यातच करून घ्या, पातळ भाजी-पाव, बन्स, चहा सगळं मिळतं, पुढे काय उघडं असेल त्याचा भरवसा धरू नका. बसनेही जाता येतं, केप्यापर्यंत बस मिळते आणि तिथून दुसरी धरायची, पण आई-बाबा असताना सरळ दिवसभराची गाडी ठरवा. जांबावलीला दामोदराचं देऊळ अगदी वाटेवरच आहे तिथे थांबा, हा देव मूळचा तुम्ही उतरलाय त्या मडगावचा, पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा सोळाव्या शतकात त्याला इथे आणलं, खाली कुशावतीचा घाट आहे, आईंना तिथे बरं वाटेल.

रिवण गावात रस्ता वळतो तिथे गोकर्ण मठाची पाटी बघा, त्याच बाजूला गुंफा आहे. तिकीट वगैरे काही नाही. गाइडही नाही. तोंडाशी लहानसं पाण्याचं कुंड आणि दगडात कोरलेला मारुती दिसेल. मारुती खूप नंतरचा, सोळाव्या शतकातला सांगतात, म्हणजे भिक्खू गेल्यावर जागा ओस पडली नाही, लोक येत राहिले, दिवा लावत राहिले, नाव पांडवांचं झालं, आणि मला तर वाटतं त्या नावामुळेच ती टिकली. आत वाकून जावं लागतं आणि एका बाजूने शिरून अरुंद भुयारातून दुसरीकडे निघता येतं. मोबाईलचा टॉर्च पुरत नाही, हातातली चांगली बॅटरी घ्या, हात घालण्याआधी आणि पाय टाकण्याआधी उजेड टाका, सापाची भीती असते आणि वटवाघळं तर असतातच. गुडघे दुखत असतील तर आईंनी भुयारात जाऊ नये, तोंडाशी बसलं तरी चालतं. पायऱ्यांवर शेवाळ धरतं. मी एकदा जुलैत मावशीला घेऊन गेले आणि तिसऱ्या पायरीवरच तिचा पाय सरकला, सुदैवाने हात धरलेला होता, आम्ही तशाच परत फिरलो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

आता अजिंठ्यासारखं कोरीवकाम इथे का नाही, हे बाबा विचारतीलच. दगड वेगळा. तिकडे सह्याद्रीपलीकडचा काळा कातळ, घट्ट, त्यात बोटांची नखंसुद्धा कोरता येतात. आमचा जांभा भोकाभोकांचा, जमिनीत असताना मऊ, कुदळीने निघतो, वारा लागला की कडक होतो, म्हणून घरांना चिरे काढायला एक नंबर, पण त्यात चेहरा कोरायला गेलात तर नाक धरणार नाही. तेव्हा गोव्यात खोली खोदायची आणि राहायचं, एवढंच शक्य होतं. आणि भिक्खूंना पावसाळ्यात तेवढंच लागायचं. वर्षावासाचे महिने एका जागी राहायचं, फिरायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि आमच्याकडे पाऊस शंभर इंचाच्या वर पडतो, या भागात तर आणखी जास्त. मी आत बसून बघितलंय, बाहेर सर आली तरी आत नुसता आवाज येतो. प्यायला पाणी दारात, भिक्षेला गाव चालत जाण्याएवढं जवळ, आणि तरी गर्दीपासून आत. ही जागा कोणीतरी नीट बघून, चार पावसाळे अनुभवून निवडलेली आहे. रिवणला बघायचं ते हे. माझे बाबा सहसा कुठे दहा मिनिटं टिकत नाहीत, तिथे कुंडाकाठी अर्धा तास काही न बोलता बसले होते.

गोव्यात एवढे बौद्ध होते का असाही प्रश्न येतो. होते. इथे भोज घराण्याचे राजे होते, त्यांच्यातल्या एकाचा ताम्रपट खाली कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हिरेगुत्तीला मिळाला, त्यात बौद्ध संघाला गाव दान दिल्याची नोंद आहे. उत्तर गोव्यात बारदेशातल्या कोलवाळला इतिहास संशोधक फादर हेरास यांना 1930 मध्ये बुद्धमूर्ती मिळाली, ती आता मुंबईला त्यांच्याच नावाच्या संस्थेत आहे. आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक धर्मानंद कोसंबी तर 1876 साली आमच्या सांखवाळला जन्मलेले, बुद्धाच्या ओढीने घरदार सोडून काशी, नेपाळ, थेट श्रीलंकेपर्यंत गेले, कारण तेव्हा गोव्यात बौद्ध ग्रंथांची पाली भाषा शिकवायला कोणी उरलं नव्हतं. हे आठवलं की मला दरवेळी वाईट वाटतं, गुंफा होत्या पण सांगणारं कोणी नव्हतं.

रिवण तासाभरात होतं, उरलेल्या दिवसाचं सांगते. तिथून पुढे उसगाळीमळला कुशावतीच्या काठच्या सपाट जांभ्यावर आदिमानवाने कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं, एक मोठं गोल चक्रव्यूहासारखं, शंभरावर आकृत्या, 1993 मध्ये अभ्यासकांच्या नजरेला आली. पावसाळ्यात नदी चढली की पाण्याखाली जातात. दुपारी जाऊ नका, डोक्यावर ऊन असलं की रेषा दिसतच नाहीत, तिरपं ऊन लागतं, म्हणून मी म्हणेन सकाळी लवकर निघून आधी उसगाळीमळ करा आणि ऊन वाढलं की गुंफेच्या सावलीत या. परतताना चांदरवरून या. तेच जुनं चंद्रपूर, भोजांची राजधानी. तिथे कोटात 1929 मध्ये फादर हेरासांनीच खणून काढलेल्या देवळाच्या जागी नंदी आहे, त्यालाही डोकं नाही.

पणजीच्या बाजूला राहणारं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी डिचोलीजवळ लामगाव आणि साखळीजवळ हरवळे इथे गुंफा आहेत, दोन्ही अर्ध्या दिवसात होतात. हरवळ्यात आत शिवलिंगं आहेत आणि ती गुंफा मूळची बौद्ध की शैव यावर अभ्यासकांचं जमत नाही, म्हणून तुम्हाला पहिलं नाव रिवणचं दिलं.

आणि एक विनंती. आत भिंतीवर लोकांनी नावं कोरलीयत, अगरबत्तीची पाकिटं, प्लॅस्टिकच्या बाटल्या पडलेल्या असतात. मी जाते तेव्हा एक पिशवी नेते आणि भरून आणते. तुम्हाला जमलं तर तुम्हीही न्या, आणि बाबांना कसं वाटलं ते इथे खाली नक्की लिहा.