नस्ती, नत्थी आणि बैलाची वेसण

तलाठी भरतीचा अभ्यास करणाऱ्या सेलूच्या एका ताईंनी विचारलंय: "सरकारी कागदात फाईलला 'नस्ती' म्हणतात, तो शब्द आला कुठून? माझे पणजोबा निजामाच्या काळात कचेरीत होते. ते 'कागद नत्थी करा' म्हणायचे, असं घरी सांगतात. नत्थी हा शब्द उर्दू समजायचा का? आणि टाचणी, आलपिन हे एकच का?"

ताई, पणजोबांची नत्थी आणि आजच्या कचेरीतली नस्ती या सख्ख्या बहिणी आहेत, आणि दोघींचं मूळ नाकात आहे. संस्कृतात 'नस्त' म्हणजे नाक. वेसण घातलेल्या बैलाला अमरकोशात 'नस्तित' असा शब्द दिलाय. प्राकृतात 'स्त'चा 'त्थ' होतो. हस्तचा हत्थ झाला आणि पुढं आपला हात झाला, मस्तकाचा माथा झाला, पुस्तकाची पोथी झाली. त्याच वाटेनं नस्तचा नत्थ झाला. त्यातून आपली नथ आली, बैलाला वेसण घालण्यासाठीचा हिंदी शब्द 'नाथना' आला आणि कचेरीतली नत्थीही आली. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसी जाऊन उर्दू ही कारभाराची भाषा झाली, म्हणून आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी नत्थी बसली. पण तिला परकी म्हणू नये. ती प्राकृताच्या वाटेनं आलेली आहे आणि नस्ती संस्कृत रूपात राहिली आहे, एवढाच फरक.

नाकाचा आणि कागदाचा संबंध काय, असं वाटेल. पोळ्याला बैलाची जुनी वेसण काढून नवी ओवताना पाहिलं असेल तर लगेच कळेल. दाभणानं कागदाच्या कोपऱ्यात भोक पाडायचं, त्यातून दोरा ओवायचा, गाठ मारायची. कागदाला वेसण घातली की झाली नस्ती.

मला याहून मोठा आनंद झाला तो 'फाईल' शब्दाचं मूळ कळलं तेव्हा. लॅटिनमध्ये 'फिलम' म्हणजे धागा. इंग्लंडात सोळाव्या शतकात कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, आणि त्या ओवलेल्या माळेला फाईल म्हणत. पुठ्ठ्याचं कव्हर फार नंतर आलं. आमच्या परभणीच्या मोंढ्यात आडत दुकानाच्या भिंतीवर तारेचा एक आकडा टांगलेला असायचा आणि त्यात दिवसभराच्या पट्ट्या एकावर एक खोचलेल्या असायच्या. फाईलचा अगदी मूळ अर्थ तोच. तो रोज डोळ्यांसमोर होता, पण ती फाईल आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

'बस्ता'ही याच कुळातला, म्हणजे अर्थानं. फारसीत 'बस्तन' म्हणजे बांधणं, आणि बस्ता म्हणजे बांधलेलं. बंदोबस्तातला 'बस्त'ही तोच. कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं म्हणजे बस्ता, आणि लग्नाच्या कपड्यांचाही बस्ता. आपण अजूनही 'बस्ता बांधायला' जातो, ते क्रियापद उगाच टिकलेलं नाही.

आता टाचणी. हा शब्द फार नेमका आहे. टाचणं म्हणजे कच्चा टाका घालणं, पुढं उसवायचा म्हणूनच घातलेला. टाचणी कागदातून एकदा खाली आणि पुन्हा वर काढतात, म्हणजे तो धाग्याविना घातलेला टाकाच. शाळेतले गुरुजी 'पाठ टाचण' काढतात, तेही पुढच्या शिकवण्यासाठी केलेलं कच्चं काम. मूळची शिवणकामातली ही टाचणी कचेरीत शिरली ती स्वस्त झाल्यावर. ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचंच उदाहरण दिलं होतं. सुमारे अठरा कामं वाटून घेतली तर दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, असं त्यानं लिहिलंय. पुढं १८३० च्या दशकात अमेरिकेत जॉन हॉव यानं टाचण्या करणारं यंत्र उभं केलं.

आलपिन म्हणजे वस्तू तीच, शब्द मात्र समुद्रावरून आलेला. पोर्तुगीज 'आल्फिनेत'चं ते रूप. त्यातलं 'आल' अरबी आहे. काही जण 'ऑलपिन' लिहितात, जणू इंग्रजी 'ऑल'च आहे. ते चूक आहे, आलपिन असंच लिहावं.

क्लिप आणि स्टेपलर यांची पिढी अलीकडची. आपण जिला यू-पिन म्हणतो, त्या जेम क्लिपच्या आकाराचं पेटंट कुणी घेतलंच नाही. ती करणाऱ्या यंत्राचं पेटंट मात्र १८९९ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम मिडलब्रुकला मिळालं. स्टेपलरच्या आरंभीच्या यंत्रांपैकी एक जॉर्ज मॅकगिलचं, १८७९ चं. त्यात एका वेळी एकच पिन बसायची, मारली की दुसरी घालायची. जपानी लोक स्टेपलरला आजही 'होचिकिसु' म्हणतात, हॉचकिस या अमेरिकी कंपनीच्या नावावरून. आपण 'पिन मारणं' म्हणतो. मला ते पुरेसं चांगलं मराठी वाटतं, त्यासाठी नवा जोडशब्द घडवायची गरज नाही.

एवढं सगळं येऊनही कचेरीतला कायमचा कागद भोक आणि दोऱ्यावरच राहिला. लोखंडी टाचणी गंजते, कागदावर तांबूस डाग सोडते आणि तिथून कागद फाटतो. क्लिप निसटते. स्टेपल काढताना कोपरा जातो. टॅगचं, म्हणजे भोकातून ओवलेल्या दोरीचं, मात्र टोक ओढून घेतलं की मधे नवं पान घालता येतं आणि पानांचा क्रम मोडत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला मराठवाड्यातली निजामकाळातली दप्तरं उघडली गेली. इतक्या वर्षांपूर्वीचा कागद हवा तेव्हा हाती लागायचा तर तो त्याच्या जोडीदारांसोबत बांधलेलाच असावा लागतो.

म्हणून हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. दोन कागद साहेबांच्या टेबलापर्यंत एकत्र न्यायचे असतील तर टाचा. प्रकरणात कायमचे ठेवायचे असतील तर नत्थी करा. प्रकरण संपलं आणि फाईल ठेवून द्यायची असेल तर 'नस्तीबद्ध करावे' असं लिहा. आणि अर्जाच्या शेवटी सातबारा लावला असेल तर 'सोबत सातबारा जोडला आहे' हे साधं वाक्य पुरतं, परीक्षेतसुद्धा.