वाचकांचे प्रश्न : राजघराण्याबाहेरची राणी

प्रश्न : पोलंडचा राजा यागेलो याने एका सरदारकन्येशी विवाह केला, तेव्हा दरबार एवढा का खवळला?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : एल्झबिएता ही सांदोमिएशच्या सुभेदाराची मुलगी आणि मोठ्या जहागिरीची धनीण. पती ग्रानोव्स्की 1410 मध्ये वारला, तेव्हा ती मुलाबाळांची आई होती. पुढे 1417 च्या मे महिन्यात सानोक येथे यागेलोने तिच्याशी आपला तिसरा विवाह केला. चाळिशी उलटलेल्या विधवेकडून वारस मिळण्याची आशा नाही आणि परदेशी घराण्याशी सोयरीक जुळण्याचा लाभही नाही, हा सरदारांचा आक्षेप होता.

त्याहून अवघड अडचण धर्माची होती. 1386 मध्ये यागेलोचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा एल्झबिएताची आई यादविगा त्याची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई, झाली होती. चर्चच्या लेखी हे नाते रक्ताच्या नात्याइतकेच पक्के असल्याने राजा व एल्झबिएता धर्माने भाऊबहीण ठरले; आपल्याकडे सगोत्र विवाहाला जसा विरोध होई, तसाच तिथे झाला. एका दरबारी लेखकाने तिला डुकरिणीची उपमा देणारा मजकूर लिहिला. एका बाईविषयी असे लिहिले गेले, हे आजही वाचवत नाही.

राजा मात्र बधला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्राकूवच्या वावेल कॅथेड्रलमध्ये तिला राज्याभिषेक झाला. तिचे राणीपद जेमतेम अडीच वर्षे टिकले. मे 1420 मध्ये ती वारली.