लिनक्स कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) मेलिंग लिस्टचे, म्हणजे सगळ्या सदस्यांना मेलने जाणाऱ्या चर्चेचे, ढीगभर मेल येतात, मेलवरच घेऊ की न्यूजग्रुपसारखं वाचू?

देवगडात बसून कर्नलची लिस्ट वाचताय याचं आधी मनापासून कौतुक. रोजचे शेकडो मेल आणि भरलेला इनबॉक्स, यावर माझं मत सरळ आहे, एवढी मोठी लिस्ट मेलवर घेऊच नका.

मेलमधे प्रत्येक पत्र तुमच्या खात्यात येऊन पडतं, वाचा नाहीतर नका वाचू, कोटा तुमचाच भरतो. न्यूजग्रुपमधे पत्रं सर्वरवरच राहतात, आधी फक्त विषय, नाव, तारीख एवढंच दिसतं आणि ज्यावर क्लिक कराल तेच उतरतं, शिवाय नको असलेला अख्खा थ्रेड (एकाच विषयावरची पत्रं-उत्तरं) एका झटक्यात इग्नोर करता येतो, आणि रेंज एकच कांडी असताना हे फार म्हणजे फारच उपयोगाचं आहे. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममधे न्यूजग्रुप अकाउंट जोडा, सर्वर एनएनटीपी.लोर.कर्नल.ऑर्ग (nntp.lore.kernel.org). इतर बऱ्याच लिस्ट जीमेनवर (Gmane, लिस्ट न्यूजग्रुपसारख्या वाचायला देणारी सेवा) मिळतील. उत्तर द्यायचं तर लिस्टच्या पत्त्यावर साधा मेल, प्लेन टेक्स्टमधेच (रंग, फॉन्ट काही नाही, नुसता मजकूर), त्यासाठी सबस्क्राइब असायची गरज नाही.

फक्त तुम्ही कर्नलच्या ज्या भागात काम करता ती एखादी छोटी लिस्ट मेलवर ठेवा, पावसात लाइट नि नेट दोन्ही गेलं तरी उतरलेलं वाचता येतं. फिल्टर विषयावर नको, लिस्ट-आयडी हेडरवर (मेलच्या माथ्यावरची लिस्टची ओळख सांगणारी ओळ, List-Id) लावा, विषय लोक बदलतात.

आणि जुन्या युजनेटसाठी (न्यूजग्रुपचं मूळ जाळं) गूगल ग्रुप्स धरू नका, २०२४ च्या फेब्रुवारीपासून तिथे युजनेटचं नवीन काही येत नाही.